बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर आणि दुकानात मिळतील तीच काडतुसे

निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदारांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गावापासून दूर मळ्यात घर आहे, घरात वृद्ध आई-वडील आहेत, गेल्या वर्षी शस्त्र परवाना मिळाला आणि त्यावर त्यांनी कानपूरच्या कारखान्याचे .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतले माप) रिव्हॉल्व्हर घेतले. काडतुसे घ्यायला गेल्यावर विक्रेत्याने खडकीची साधी, गोल टोकाची शिशाची काडतुसे दाखवली आणि सोबत पुठ्ठा पिवळा पडलेला एक जुना विदेशी खोकाही पुढे केला. त्यातील गोळ्यांच्या टोकाला पोकळी होती आणि किंमत चौपट होती. ओळखीच्या एका नेमबाजाने आपल्याकडची चपट्या तोंडाची काडतुसे देऊ केली. या तिन्हींपैकी अडीअडचणीच्या रात्री सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसे भरायच्या फिरत्या नळकांड्यात, कोणती असावीत, असे त्यांनी विचारले आहे.

मी २७ वर्षे पोलीस दलाच्या शस्त्रागारात आर्मोरर, म्हणजे शस्त्रे तपासणारा व दुरुस्त करणारा, म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर परवानाधारकांना हाताळणी शिकवतो. माझे उत्तर असे की खडकीची काडतुसे घ्यावीत, ती ताजी आणि एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेची, असावीत, आणि वाचलेले पैसे सरावावर खर्च करावेत. जुना खोका विक्रेत्याकडेच राहू द्यावा. मित्राची काडतुसे घेऊ नयेत. तो मुद्दा आधी कायद्याचा आहे आणि मग तंत्राचा.

प्रथम शब्दांबद्दल. आपण सगळेच अख्ख्या काडतुसाला ‘गोळी’ म्हणतो, पण येथे भेद पाळणे आवश्यक आहे. पितळी कवच, त्याच्या बुडाशी बसवलेली, रिव्हॉल्व्हरच्या घोड्याचा (हातोडीचा) घाव बसताच पेटणारी टोपी म्हणजे कॅप, आतली बारूद आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी, हे सर्व मिळून काडतूस होते. लोक गोळीच्या आकारावर तासन्‌तास वाद घालतात आणि टोपीबद्दल कोणीच विचारत नाही. माझ्या कामात मात्र दहापैकी नऊ तक्रारी टोपीच्या, कवचाच्या किंवा साठवणुकीच्या निघाल्या.

भारतात निवड इतकी मर्यादित का आहे, हे परवानाधारकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यातच सांगतो. ९ मिमीसारखे लष्करी व पोलिसी बोअर सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित वर्गात मोडतात, सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशातून शस्त्र किंवा काडतुसे मागवता येत नाहीत आणि म्हणून आत्मसंरक्षणाचे हत्यार म्हटले की गाडी बहुधा .३२ वर येऊन थांबते. कानपूरचे जुने ‘मोडणारे’, म्हणजे मधोमध दुमडून उघडणारे, रिव्हॉल्व्हर, २०१४ साली आलेले सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे टायटॅनियम मिश्रधातूचे ‘निर्भीक’ आणि २०२३ साली आलेले, सिलिंडर बाजूला उघडणारे ‘प्रबल’ ही तिन्ही एकच काडतूस खातात. त्या काडतुसाचे पूर्ण नाव .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ सालचा आहे. आता तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीखाली येतो, आणि काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे दिसली की माल तिथला.

नावाची ही पूर्ण ओळख मी मुद्दाम दिली, कारण ‘बत्तीसची काडतुसे द्या’ एवढेच दुकानात सांगणे धोक्याचे आहे. बत्तीस नावाची किमान तीन काडतुसे आपल्याकडे फिरतात. आपल्या रिव्हॉल्व्हरचे काडतूस १८९६ सालचे आहे. त्याचे कवच सुमारे २३ मिमी लांब असून बुडाला ठळक कडा असते, आणि त्या कडेवरच ते सिलिंडरमध्ये टेकते. दुसरे म्हणजे त्याचा धाकटा पूर्वज, १८७८ चे .३२ स्मिथ अँड वेसन, ज्याचे कवच १५-१६ मिमीचे असते. ते लांब चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या एकेका काडतुसाच्या भोकात, जाते, उडतेही, पण जोर आणखी कमी आणि चेंबरच्या पुढच्या भागात शिशाचा व काजळीचा थर जमून नंतर योग्य काडतूस आत सरकेनासे होते. तिसरे आहे पिस्तुलाचे .३२, म्हणजे ब्राउनिंग यांचे ७.६५ मिमी. खरा घोटाळा याच्यामुळे होतो. ते बऱ्याच .३२ रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये सहज शिरते, त्यामुळे ‘चालतंय की’ असे वाटते. परंतु त्याची कडा अगदी अरुंद असल्याने ते नीट टेकत नाही, आणि अमेरिकी मानकानुसार त्याचा कमाल दाब चौरस इंचाला २०,५०० पौंड असतो, तर आपल्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचा १५,००० पौंड. मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा संपूर्ण भार वरच्या एका खिटीवर असतो. असा जास्तीचा दाब त्या खिटीने वारंवार सोसावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. म्हणून ‘रिव्हॉल्व्हरची, लाँग’ असे स्पष्ट सांगावे, खोक्यावरचे नाव वाचावे आणि नळीवर कोरलेल्या नावाशी ते ताडून पाहावे.

वडिलोपार्जित रिव्हॉल्व्हर असेल तर ही ताडणी अधिकच काटेकोर हवी. आजोबांच्या काळातील कित्येक ‘बत्तीस’ रिव्हॉल्व्हर आखूड काडतुसासाठी किंवा त्याहून जुन्या .३२० साठी बनलेली असतात, आणि काही तर काळ्या बारुदीच्या जमान्यातील आहेत. त्यांत आजचे काडतूस घालण्यापूर्वी जाणत्या आर्मोररला दाखवावे. तो ‘नको’ म्हणाला तर वाद न घालता ते हत्यार कपाटातच ठेवावे.

आता या काडतुसाची ताकद किती, याबद्दल भाबडेपणा नको आणि हेटाळणीही नको. ९८ ग्रेनची, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅमची गोळी सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास वेगाने निघते आणि तिची ऊर्जा १५० ज्यूलच्या घरात असते. .३८ स्पेशलच्या साध्या काडतुसात ती २७० ज्यूलच्या आसपास आणि ९ मिमीमध्ये साडेचारशेच्या पुढे जाते. तेव्हा हे दुबळे काडतूस आहे, यात वाद नाही. पण १८९६ मध्ये थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त असताना त्यांनी त्या दलासाठी .३२ चेच कोल्ट रिव्हॉल्व्हर ठरवले होते, आणि ते करताना त्यांचा भर शिपायांना नेम शिकवण्यावर होता. तेव्हा त्या दलात प्रत्येकाकडे वेगळे हत्यार आणि वेगळे काडतूस असे. मला हा तपशील आवडतो, कारण परवानाधारकांच्या घरी आजही नेमके तेच चित्र दिसते: सिलिंडरमध्ये चार लॉटची सहा काडतुसे, आणि त्यांतले कोणते कुठे लागेल हे कोणालाच माहीत नाही.

पोकळ टोकाच्या जुन्या खोक्याकडे वळतो. अशा गोळीची कल्पना अशी की शरीरात शिरताच पोकळीत दाब निर्माण होऊन टोक फुलते, जखम रुंद होते आणि गोळी आरपार जात नाही. योगायोगाने या गोळ्यांचे एक जगप्रसिद्ध नाव आपल्याच देशातले आहे; कोलकात्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनलेल्या प्रसरणशील गोळ्यांमुळे ‘दमदम’ हा शब्द रूढ झाला आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्यात युद्धात त्यांच्या वापराला मनाई झाली. मात्र त्या रायफलच्या गोळ्या होत्या, आणि फुलण्यासाठी लागणारा वेग रायफलकडे भरपूर असतो. आपले रिव्हॉल्व्हर तीन इंची नळीचे, म्हणजे ७६ मिमीचे. एवढ्याशा नळीतून २०० ते २१५ मीटरच्या वेगाने निघालेली पोकळ गोळी बहुधा फुलतच नाही. वाटेत जाड कपडा असेल तर त्याचा बोळा पोकळीत बसतो आणि ती साध्या गोळीसारखीच पुढे जाते. क्वचित ती फुललीच तर दुसरी अडचण उभी राहते: इतक्या कमी ऊर्जेची गोळी फुलल्यावर लवकर थांबते आणि महत्त्वाच्या भागापर्यंत पोहोचतच नाही.

हे पोहोचणे किती महत्त्वाचे आहे, हे ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत झालेल्या चकमकीने अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेला शिकवले. दोन बँक-दरोडेखोरांशी झालेल्या त्या चकमकीत दोन एजंट मारले गेले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ मिमीची फुलणारी गोळी दंडातून छातीत लागली होती, पण ती हृदयाच्या अलीकडे थांबली, आणि तो त्यानंतरही लढत राहिला. पुढे एफबीआयने चाचणीसाठी मांसाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या विशिष्ट जेलॅटिनमध्ये गोळीने किमान १२ इंच, म्हणजे ३० सेंमी, आणि जास्तीत जास्त १८ इंच, म्हणजे सुमारे ४५ सेंमी शिरावे, असा निकष ठरवला. जखमेच्या रुंदीचा विचार त्यानंतरचा. ९ मिमीच्या बाबतीत जर ही कथा, तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ऊर्जा असलेल्या काडतुसात फुलण्याच्या मागे लागून खोली गमावणे हा तोट्याचा सौदा आहे. गोल टोकाची साधी शिशाची गोळी दिसायला काही खास नसते, पण वळणावळणाने न जाता ती सहसा पुरेशी आत जाते. दुबळ्या काडतुसात हाच गुण हवा.

येथे एक ताकीद देणे भाग आहे. साध्या गोळीचे टोक कानसीने घासून, त्यात छिद्र पाडून किंवा फुली कापून तिला ‘जहाल’ करण्याचे उद्योग मी पाहिले आहेत. त्याने गोळी फुलत नाही. तिचा तोल मात्र बिघडतो, कवचाची पकड सैल होते, गोळी पुढे सरकून सिलिंडर अडकू शकते, आणि उद्या प्रकरण न्यायालयात गेले तर हेतूबद्दलचा पहिला प्रश्न त्या कानसीवरूनच विचारला जाईल. घरी काडतुसे भरणे तर परवान्याशिवाय निर्मिती ठरते; त्यावर अधिक लिहीत नाही.

नेमबाज मित्राची चपट्या तोंडाची काडतुसे, ज्यांना वॉडकटर म्हणतात, ही तांत्रिकदृष्ट्या टाकाऊ नाहीत. किंबहुना माझ्यासमोर कायदेशीर मार्गाने दोन्ही ठेवली असती तर मी थोडा वेळ विचार केला असता. २५ मीटरच्या सेंटर-फायर स्पर्धेत .३२ ची ही काडतुसे जगभर वापरली जातात, त्यांची अचूकता नावाजलेली आहे, सपाट तोंडामुळे ती कागदातही स्वच्छ गोल भोक पाडतात आणि कमी वेगातही पुरेशी आत जातात. उणीव वेगळीच आहे. बहुतेक वॉडकटरमध्ये गोळी कवचाच्या तोंडाशी सपाट बसवलेली असते, त्यामुळे अंधारात, थरथरत्या हाताने ती चेंबरच्या तोंडात घालताना कडेवर अडकत राहतात. गोल टोक स्वतःच वाट शोधते. पहिल्या सहासाठी हा फरक नगण्य, पुढच्या सहासाठी मोठा. पण मुळात हा विचार पुढे नेण्याचे कारणच नाही, कारण नेमबाजाला मिळालेली काडतुसे त्याच्या परवान्यावर आणि त्याच्या खेळासाठी असतात. ती मैत्रीखातर दुसऱ्याच्या खिशात गेली की दोघेही शस्त्र अधिनियमाच्या कचाट्यात सापडतात. आपल्या परवान्यावर नोंद नसलेले एकही काडतूस घरात असू नये.

आता टोपीकडे येतो. जुना खोका का नको, याचे खरे कारण तिथे आहे. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त गृहस्थांनी आपले रिव्हॉल्व्हर माझ्याकडे ‘घोडा नीट पडत नाही’ म्हणून तपासायला आणले. सोबत कातडी पट्ट्यात दहा-बारा वर्षे अडकवलेली काडतुसे होती, त्यांच्या पितळेवर हिरवी बुरशी चढलेली आणि प्रत्येक महिन्याला भक्तिभावाने तेल पुसलेले. त्यांतली सहा रेंजवर उडवून पाहिली. तीन उडाली, दोन उडालीच नाहीत आणि एक फुसकी निघाली. तिची गोळी नळीतच अडकून बसली. घोडा ठणठणीत होता. कातडे कमावताना वापरलेली आम्ले पितळ खातात आणि पातळ तेल टोपीच्या कडेने आत झिरपून तिच्यातला पेट घेणारा मसाला निकामी करते. हे त्या गृहस्थांना कोणी सांगितलेच नव्हते. फुसक्या बाराचा आवाज नेहमीपेक्षा बारीक येतो. असा आवाज आला तर दुसऱ्यांदा चाप ओढायचा नाही, रिव्हॉल्व्हर रिकामे करून नळीतून आरपार पाहायचे. अडकलेल्या गोळीमागून दुसरी गेली तर नळी फुगते किंवा फाटते.

त्यामुळे काडतुसे विकत घेताना विक्रेत्याच्या टेबलावरच पुढील तपासणी करावी, त्याला थोडा कंटाळा आला तरी चालेल. प्रत्येक काडतूस बुडाकडून पाहावे: टोपी कवचाच्या पातळीत किंवा किंचित आत हवी. बाहेर आलेली टोपी सिलिंडरमागच्या पाट्याला घासते, चाप जड होतो किंवा सिलिंडर फिरतच नाही, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये हा दोष मिसफायरपेक्षा वाईट, कारण मिसफायर झाला तर चाप पुन्हा ओढता येतो, अडकलेल्या सिलिंडरला उपाय नाही. मग कवचाच्या तोंडाशी चीर, पोचा किंवा हिरवेपणा आहे का ते पाहावे, आणि गोळी बोटाने हलत नाही ना याची खात्री करावी. खोक्यावरचा लॉट क्रमांक वहीत लिहून घ्यावा. घरी नव्हे, रेंजवर गेल्यावर, रिव्हॉल्व्हर रिकामे असताना आणि तोंड सुरक्षित दिशेला असताना प्रत्येक काडतूस प्रत्येक चेंबरमध्ये आपल्या वजनाने खाली बसते का, हेही एकदा तपासावे.

त्या लॉटमधील पहिली सहा काडतुसे रेंजवर उडवावीत, आणि तीही घोडा आधी न चढवता थेट चाप ओढून, कारण वेळ आली तर आपण तसेच ओढणार आहात. घोडा चढवून मारल्यास टोपीवरचा घाव थोडा जोरकस बसतो आणि कमजोर स्प्रिंगचा दोष झाकला जातो. सहाही पहिल्या घावात उडाली आणि ७ ते १० मीटरवर ताटाएवढ्या वर्तुळात लागली, तर तो लॉट आपल्या कामाचा. एखादे उडाले नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावे, कारण क्वचित मसाला उशिरा पेटतो. मग ते काढून त्याच्या टोपीवरील खूण पाहावी. खूण उथळ असेल तर दोष स्प्रिंगचा किंवा घोड्याचा आणि खूण खोल असेल तर दोष काडतुसाचा. हा साधा भेद न केल्यामुळे लोक चांगली काडतुसे बदलत राहतात आणि आजारी रिव्हॉल्व्हर तसेच राहते.

नेमाचाही प्रश्न काडतुसाशी बांधलेला असतो. या रिव्हॉल्व्हरची माशी, म्हणजे नेम धरायची नळीवरची खूण, पक्की असते, वरखाली करता येत नाही, आणि ती एका ठरावीक वजनाच्या गोळीसाठी बसवलेली असते. हलकी गोळी नळीतून लवकर बाहेर पडते, त्यामुळे हिसक्याने नळी वर उचलण्याआधीच ती निघून जाते आणि सहसा खाली लागते. जड गोळी सहसा वर लागते. दहा मीटरवर हा फरक चार बोटांचा असला तरी ज्या काडतुसात ऊर्जा कमी आहे, त्यात चार बोटे महत्त्वाची आहेत. ज्याने सराव केला तेच सिलिंडरमध्ये भरावे, असा माझा आग्रह असतो. चौपट किमतीच्या विदेशी खोक्याचा याहून मोठा तोटा दुसरा नाही: तो इतका महाग आणि इतका थोडा असतो की त्याने कोणी सराव करीत नाही.

सराव म्हटले की कोट्याची अडचण येते. परवान्यावर एका वर्षात किती आणि एका वेळी किती काडतुसे घेता येतील हे लिहिलेले असते, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत आकडे वेगळे दिसतात. समजा वर्षाला ५० आहेत. सहा चाचणीसाठी गेली, बारा घरात राखीव ठेवली (त्यांतली सहा सिलिंडरसाठी आणि सहा जोडीला). उरलेल्या ३२ काडतुसांत वर्षातून चार वेळा आठ-आठ बार होतात. आठ बार ऐकायला थोडे वाटतात, पण प्रत्येक बारामागे रिकाम्या हत्याराने, आत नकली काडतुसे घालून, शंभर वेळा चाप ओढलेला असेल तर ते आठ बार परीक्षेसारखे उपयोगी पडतात. या रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो, नवख्याचा बार बहुधा खाली आणि बाजूला जातो, आणि ही चूक रिकाम्या हत्यारावरच सुधारते. असा सराव करताना खरी काडतुसे त्या खोलीतही असू नयेत. जिल्हा रायफल क्लबचे सदस्यत्व घ्यावे. मुंबईकडच्या मंडळींना वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे. लग्नाच्या वरातीत ‘सराव’ करणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बेफिकीर हवेतला गोळीबार दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा किंवा एक लाखापर्यंतच्या दंडाचा, किंवा दोन्हींचा गुन्हा आहे.

साठवणुकीबाबत बागायतदारांना मी वेगळे सांगू इच्छितो, कारण त्यांच्या घरात पितळेचे दोन शत्रू असतात आणि त्यांना ते ठाऊक नसते. द्राक्षांवरील भुरी रोगासाठी वापरले जाणारे गंधक पितळ काळवंडवते. त्याहून वाईट म्हणजे अमोनिया. इंग्रजांच्या काळात भारतातील फौजांची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ ठेवली की त्यांच्या कवचांना आपोआप चिरा पडत. पुढे १९२१ मध्ये याचा खुलासा झाला की जनावरांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया ताणाखाली असलेल्या पितळेला तडकवतो. धातुशास्त्रात हा प्रकार ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणून ओळखला जातो, आणि त्यातला सीझन म्हणजे आपला पावसाळा. तेव्हा खतांच्या खोलीत, औषधांच्या कपाटात किंवा गोठ्याला लागून असलेल्या भिंतीत काडतुसे ठेवू नयेत. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा घसरतो आणि दुपारी पुन्हा ऊन तापते. अशा चढउतारात लोखंडी तिजोरीत दव धरते. रबरी कडेचा घट्ट डबा, त्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या, आणि मूळ पुठ्ठ्याचा खोका तसाच आत, एवढे पुरते. कोकणात याच डब्याच्या पुड्या पावसाळ्यात दर महिन्याला बदलाव्या लागतील. सिलिंडरमधील सहा काडतुसे वर्षातून एकदा सरावात उडवून टाकावीत आणि राखीवमधील त्या जागी घ्यावीत. रिव्हॉल्व्हरला तेल द्यावे, पण चेंबर कोरडे पुसल्याखेरीज काडतुसे भरू नयेत.

गोळी चुकली किंवा आरपार गेली तर कुठे जाईल, हाही निवडीचाच भाग आहे. वीटबांधकामाची नऊ इंची भिंत या गोळीला अडवते, मात्र प्लायवूडची आडभिंत, दार, काच आणि पत्रा यांचा भरवसा धरता येत नाही, आणि शिशाची गोल गोळी फरशीवर तिरकी आदळली तर उसळते. आई-वडिलांची खोली कोणत्या बाजूला आहे, गड्याचे घर कोणत्या बाजूला, हे दिवसाउजेडी घरात फिरून पाहून ठेवावे आणि कोणत्या दिशेला कधीही बार करायचा नाही, ते ठरवून टाकावे. कोणत्याही ब्रँडची गोळी याला पर्याय देत नाही.

कायद्याबद्दल मी वकील नाही, पण परवाना शिकवणीत जे सांगतो ते येथेही सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि खाजगी संरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. कलम ३८ मध्ये शरीराच्या संरक्षणासाठी प्राणघातक बळ कधी वापरता येते आणि कलम ४१ मध्ये मालमत्तेच्या संरक्षणासाठी कधी, हे दिले आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी त्यात येते. परंतु कलम ३७ सर्वांवर अंकुश ठेवते: संरक्षणापुरती इजा, त्याहून अधिक नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. पळणाऱ्या द्राक्षचोराच्या पाठीवर झाडलेली गोळी कोणत्या आकाराची होती, याला तिथे काहीच अर्थ राहत नाही.

एक व्यावहारिक बाब उरली. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात आणि रिव्हॉल्व्हर काही आठवडे दुसऱ्याच्या कपाटात राहते. जमा करताना काडतुसांची संख्या आणि लॉट क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. परत घेताना मोजून, ताडून घ्यावे, आणि घरी येऊन काडतुसे भरण्यापूर्वी सिलिंडर उघडून नळीतून उजेडाकडे पाहावे. माझ्याकडे असेच परत आलेल्या एका रिव्हॉल्व्हरच्या नळीत कोणीतरी गंज धरू नये म्हणून चांगल्या हेतूने तेलात भिजवलेली कापसाची बत्ती सारून ठेवली होती, आणि मालकाने त्याच संध्याकाळी सहा काडतुसे भरून ते उशाशी ठेवले होते.